चवथीच्या फोटोतला मोती

पाळीव जनावरांची पोर्ट्रेट रंगवायला मी गोव्यात, फोंड्यात सुरुवात केली, तेव्हा पहिली ऑर्डर माशेलच्या एका आजींची होती. त्यांचा कुत्रा मोती जाऊन दोन महिने झाले होते. हाताशी एकच फोटो, तोही तुळशीच्या लग्नाच्या रात्रीचा. डोळ्यांत फ्लॅश, डावा कान कुणाच्या तरी पदराआड. मी उजव्यासारखाच डावा कानही उभा रंगवला. चित्र बघून आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाय, चित्र सुंदर आहे. पण हा आमचा मोती नव्हे." मोतीचा डावा कान लहानपणी भांडणात फाटला होता, तो कायम दुमडलेलाच असायचा.

त्या दिवसापासून फोटोत न दिसणारं काहीही मी मनाने रंगवत नाही, विचारते. नाक पूर्ण काळं की कडेला गुलाबी? डोळे मधासारखे की गडद? हाक मारली की कान पुढे येतात की मागे जातात? आणि घरातले चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, फोटो मागते. "दुसरा फोटोच नाही हो," असं सगळे सांगतात, पण असतो. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, सगळं घर उभं असतं, आणि कोपऱ्यात, पाटाच्या बाजूला, कुत्रा बसलेला असतो. त्याच्याकडे बघून कुणी फोटो काढलेला नसतो, म्हणून कुणाच्या ध्यानात राहत नाही. मोतीचा दुमडलेला कान मला अशाच एका जुन्या फोटोत सापडला.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका म्हणावं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. नाहीतर केसांचे बारकावे पुसले जातात.

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत होते ती जवळून काढलेल्या फोटोत. मोबाइलची लेन्स वाइड असते. कुत्रा हुंगायला पुढे येतो आणि आपण बटण दाबतो, मग नाक बटाट्याएवढं आणि कान चिमुकले दिसतात. तो फोटो ग्रिड (चौकटी) टाकून हुबेहूब उतरवला तर चूकही हुबेहूब उतरते. अशा वेळी सात-आठ फुटांवरून काढलेला कुठलाही फोटो, अंधूक असला तरी, शोधावा. डोक्याची रुंदी आणि तोंडाची लांबी यांचं प्रमाण त्यातून घ्यावं, डोळे-नाकाचे बारकावे जवळच्या फोटोतून. जनावर हयात असेल तर खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, दोन पट झूम करून सकाळच्या पडवीतल्या उजेडात नवा फोटो काढायला सांगावं. फ्लॅश नको.

फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात, कारण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. ती चमक चित्रात आणायची नसते. बुबुळाचा रंग घरच्यांना विचारून ठरवावा. उजेड डावीकडून वरून येत असेल तर त्या उजेडाचा पांढरा ठिपकाही दोन्ही डोळ्यांत डावीकडे वरच यायला हवा. मांजराची बाहुली भर उन्हात उभी चीर होते आणि कमी उजेडात गोल. त्यामुळे फोटो संध्याकाळचा असेल आणि चित्रात ऊन दाखवायचं असेल, तर बाहुलीही बदलावी लागते.

काळा कुत्रा काळ्या ट्यूबने रंगवू नये. मी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळते. पाठीवर आभाळाचा निळा येतो आणि हनुवटीखाली आपल्या तांबड्या लादीचा लालसर उजेड पडतो. फोटोत तिथे नुसता काळोख दिसतो. मोबाइलवर ब्राइटनेस वाढवून बघितलं की थोडंफार हाती लागतं. पणजीला फोन्तेन्हास या जुन्या वस्तीत फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे गोव्याचे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. मूळचे सांग्याचे. त्यांनी माणसं रंगवली, पण सावलीतही रंग असतो हे मला त्यांच्या चित्रांपुढे उभं राहून उमगलं. एक सकाळ काढून जाऊन याच.

केस एकेक काढत बसू नका. आधी पेन्सिलने नुसत्या बाणांनी केसांची दिशा मांडा: कपाळावरून मागे, गालावरून खाली, छातीवर भोवरा. मग मोठ्या ब्रशने छटा. मिशा अगदी शेवटी, पांढऱ्या गॉशने (अपारदर्शक जलरंगाने), एका झटक्यात.

कागद जाड, ३०० जीएसएमचा घ्यावा. पावसात इथे कागद ओल धरतो, बुरशी येते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावा, आणि फ्रेममध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची कड) लावून काच कागदापासून दूर ठेवावी. पैसे अर्धे आधी घ्यावेत.

रंगाला हात लावण्याआधी पेन्सिलचं स्केच घरी दाखवावंच. मोतीचं दुसरं स्केच घेऊन मी माशेलला गेले. आजींनी कानावरून बोट फिरवलं, मान हलवली. मग गळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा पट्टा पुसून टाक. घरात तो कधी बांधलेला नव्हता."