मागे पडलेल्या मुलाजवळ कसं बसायचं

"टीचर, याला जरा चार शब्द सांगा. डोक्यात काही शिरतच नाही याच्या." दर जूनमध्ये कुणाची तरी आई दारात उभी राहून मला हे सांगते, आणि पोरगं तिच्यामागे मान खाली घालून उभं असतं. मी नवी मुंबईत, कोपरखैरण्यात अठरा वर्षं शिकवणी घेते. आमच्याकडे माथाडी कामगारांची घरं पुष्कळ. बहुतेक मुलांचे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, पहाटे घर सोडणारे. माझेही वडील तिथलेच. चार शब्द सांगून सावरलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. ज्याने सावरलं ते इथे लिहिते आहे, आईवडिलांसाठी आणि माझ्यासारख्या घरी मुलं घेणाऱ्यांसाठी. उदाहरणं गणिताची येतील, कारण मी तेच शिकवते आणि पोरं घाबरतात तीही त्यालाच.

पहिला आठवडा शाळेचं पुस्तक उघडू नका. मूल आठवीत असलं, तरी त्याचा पाय कुठे घसरलाय ते आधी शोधायचं.

दोन वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा आला. शाळेत परिमेय आणि अपरिमेय संख्या चालू होत्या. मी त्याला पाठकोऱ्या कागदावर 502 वजा 347 लिहून दिलं. त्याने पटकन उत्तर लिहिलं, 245. मी चूक म्हटलं नाही. "कसं केलंस, मला सांग," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच. चारातून शून्य गेलं चार. पाचातून तीन गेले दोन." म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा, मग तो वर असो की खाली. हा आळस नव्हता आणि दुर्लक्षही नव्हतं. तिसरीत कधीतरी त्याने स्वतःपुरता एक नियम बसवला होता आणि पाच वर्षं तो इमानाने पाळत होता. हातचा आला की वजाबाकी चुकायची. का चुकते ते त्याला कळत नव्हतं, आणि लाल फुली मारणाऱ्या कुणी त्याला विचारलंही नव्हतं.

मी डब्यातून शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी काढून त्याच्यापुढे ठेवली. "यातले तीनशे सत्तेचाळीस मला दे." त्याने तीन नोटा सरकवल्या आणि थांबला. नोटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "टीचर, सुट्टे करावे लागतील." मी शंभराची एक नोट घेऊन दहाच्या दहा दिल्या. त्याने चार मोजून ठेवल्या. पुन्हा थांबला. "यातली पण एक सुट्टी करा." दहाची एक नोट घेऊन मी रुपयाची दहा नाणी दिली. आता त्याच्याकडे बारा नाणी झाली, त्यातली सात त्याने दिली. उरलं ते मोजलं : शंभराची एक, दहाच्या पाच, नाणी पाच. 155. मघाचा 245 लिहिलेला कागद शेजारीच होता. तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे हातचा म्हणजे सुट्टे."

त्या दिवशी मी दुसरं काही शिकवलं नाही. तशाच चार वजाबाक्या दिल्या, चारही बरोबर आल्या, आणि त्याला घरी पाठवलं.

तुमच्या घरी हे करायचं तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं फुकट मिळतात. मुलाच्या इयत्तेच्या तीन-चार वर्षं मागचं पुस्तक उतरवून घ्या आणि प्रत्येक प्रकरणातली दोन गणितं काढा. ती वेगळ्या कागदावर लिहून द्यायची. पुस्तक मुलाला दाखवू नका. आठवीतल्या पोराच्या हातात चौथीचं पुस्तक धाकट्या बहिणीने बघितलं, की ते पोरगं दुसऱ्या दिवशी बसायलाच येत नाही. जिथे लागोपाठ तीन गणितं अडतील, तिथे थांबा. तुमची सुरुवात तिथून. आणि प्रत्येक चुकीला आधी विचारा, "कसं केलंस?" रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. माझ्या अनुभवात निम्मं निदान या एका प्रश्नात होतं.

मग रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास दाबून बसवलेलं उपयोगी पडत नाही. मी सात गणितं देते. पहिली दोन हमखास येणारी. मधली तीन काल-परवाची. मग एक नवं. शेवटचं पुन्हा हमखास येणारं, म्हणजे उठताना हातून बरोबर उत्तर झालेलं असतं. नवं गणित जमलं की ते दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत द्यायचं. "काल तर आलं होतं, आज काय झालं?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्याच दिवसात निसटतं, पण तेच पुन्हा पाठ करायला आधीपेक्षा कमी वेळ लागतो. मुलांना मी हे सांगते. विसरलो म्हणजे आपण मठ्ठ, असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. दुसऱ्या वेळेला लवकर येतं हे त्यांना घड्याळ लावून दाखवा. पहिल्या दिवशी बारा मिनिटं लागलेलं गणित चौथ्या दिवशी पाच मिनिटांत झालं, की चेहरा बघण्यासारखा असतो.

याच्या जोडीला एक साठ पानी वही ठेवा. आमच्याकडे तिला "जमलं वही" म्हणतात. कुणाच्याही मदतीशिवाय सुटलेलं गणित मुलाने स्वतःच्या हाताने तिच्यात उतरवायचं, वर तारीख घालायची. बाकी काही नाही. तुम्ही त्यात शेरा मारायचा नाही, अक्षर सुधार म्हणायचं नाही. ज्या दिवशी पोरगं म्हणेल "मला काहीच येत नाही", त्या दिवशी वाद न घालता ती वही त्याच्या पुढ्यात ठेवा. तुमच्या कौतुकावर ते विश्वास ठेवणार नाही, स्वतःच्या अक्षरावर ठेवतं.

आता कौतुकाविषयी. इथे आपण सगळेच प्रेमापोटी चुकतो. सातवीतली एक मुलगी होती, चौथीपर्यंत वर्गात पहिली येणारी. घरीदारी "आमची हुशार" हेच तिचं नाव. पाचवी-सहावीत अपूर्णांक अडले आणि ती पेपर लपवायला लागली. गादी उन्हात टाकताना आईला खाली तीन उत्तरपत्रिका सापडल्या. दोन्हीकडून घडी घातलेल्या, प्रत्येकीवर वडिलांची सही, आणि सही मुलीने केलेली. आई माझ्याकडे आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. "खोटं कुठून शिकली ही?"

मुलगी खोटारडी नव्हती, तिला हुशार हे नाव सांभाळायचं होतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढे अवघड कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली. आणि आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी लिहायला सांगितले, तर त्यांच्यातल्याच जास्त मुलांनी ते वाढवून लिहिले. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती गप्प बसून राहिली.

म्हणून कौतुक नेमकं करा. "शाब्बास" एवढंच म्हणून सोडू नका. "या वेळी उणे चिन्ह तू स्वतः पकडलंस." "काल तीन ओळींवर सोडलं होतंस, आज शेवटपर्यंत गेलीस." "चुकल्यावर पान फाडलं नाहीस, खाली परत केलंस." त्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत. तिला वाटायचं, मला काय कळतंय त्यातलं. मी तिला एकच काम दिलं : पेपर आला की आधी बरोबरच्या खुणा दोघींनी मोजायच्या, मग मुलीने एक चुकलेलं गणित निवडून आईला समजावून सांगायचं. आईला कळेपर्यंत सांगायचं. सही त्यानंतर, गुण कितीही असोत. तिसऱ्या महिन्यापासून गादीखाली काही सापडलं नाही.

आणि एक शब्द टाळाच, ढ. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत या अक्षराचं वळण बदललं नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणतात असं सांगतात. अक्षराचं ठीक आहे. मुलाला ते म्हणताना आपण त्याला सांगत असतो की तू बदलणारच नाहीस. शेजारच्या मुलीच्या टक्क्यांची तुलनाही तशीच. तुलना करायचीच तर त्याच्याच जूनच्या वहीशी करा.

हे मी पोटतिडकीने लिहिते, कारण 1996 साली दहावीला मी स्वतः गणितात नापास झाले. वर्षभर मला शेवटच्या बाकावर बसवलेलं असायचं आणि प्रश्न विचारणं शाळेने सोडून दिलं होतं. निकालाच्या दिवशी वडील मार्केटातून आले, अंगावर गोणीची धूळ तशीच, आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले. बोलले काहीच नाहीत. माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मी खाईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शेजारचा एक दादा, तेव्हा बारावीत, रोज रात्री एकच गणित घ्यायला लागला. एकच, पण रोज. ऑक्टोबरला सुटले.

आता ऑक्टोबरची वाट बघावी लागत नाही. 2015 पासून पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच, त्याच पावसाळ्यात होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो. दहावीच्या मुलाला हे परीक्षेआधीच सांगून ठेवा, निकालाच्या दिवशी नको. आणि प्रश्नपत्रिका उलगडून दाखवा. भीती तिथे कमी होते. बीजगणित 40, भूमिती 40, शाळेकडचे 20, आणि उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 35. बीजगणित काय, भूमिती काय, दोन्ही पेपरांत पहिल्या दोन प्रश्नांना मिळून 40 पैकी 20 गुण असतात : योग्य पर्याय निवडा, चौकटी भरून कृती पूर्ण करा आणि छोटी गणितं. दोन पेपरांतले असे वीस-वीस गुण बोट ठेवून मोजल्यावर "माझं होऊच शकत नाही" म्हणणारी मुलं स्वतःच पेन्सिल घेऊन बेरीज करायला लागतात. डिसेंबरपासून कच्च्या मुलांकडून मी आधी हेच घटवून घेते, मग पुढचं.

दोन गोष्टी लवकर तपासून घ्या. पहिली नजर. फळ्यावरचं उतरवताना आकडे बदलत असतील तर आधी डोळे तपासा. माझ्याकडच्या दोघांचा प्रश्न चष्म्याने सुटला. दुसरी : तोंडी सगळं येतं, पण वाचताना अक्षरं सांडतात, "कमल"चं "कलम" होतं, आणि वर्षभर बसूनही फरक नाही, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात याचं केंद्र आहे. हे आठवी-नववीत करा. दहावीच्या जानेवारीत धावपळ केली की मुलाचा जीव निघतो.

आणि थांबायची तयारी ठेवा. जूनमध्ये सुरुवात केलीत तर पहिल्या घटक चाचणीत गुण हलणार नाहीत, कारण तुम्ही अजून चौथी-पाचवीतच आहात. याच वेळी बहुतेक घरं धीर सोडतात आणि क्लास बदलतात. त्या दिवसांत गुणांऐवजी कोरे सोडलेले प्रश्न मोजा. पंधरातले अकरा कोरे होते, आता सात आहेत, ही बढती आहे. सहामाहीपर्यंत ती गुणांत दिसायला लागते, काहींना वार्षिक परीक्षा उजाडते. वर्गशिक्षकांना भेटलात तर "याच्याकडे लक्ष द्या" असं मोघम म्हणू नका. "याला हातच्याची वजाबाकी आता येते, एकदा फळ्यावर बोलवाल का?" असं विचारा. बहुतेक जण बोलवतात.

त्या वजाबाकीवाल्या मुलाला मी दिवाळीनंतर तिसरीतल्या एका पोराजवळ बसवलं. काही शिकवलं नाही, फक्त नोटांचा डबा दिला. तुम्हीही हे करा, धाकटं भावंड असो की शेजारचं मूल. मोठा समजावत असताना तिथे बसू नका, मध्ये बोलू नका. त्याचं थोडं चुकेल, चुकू द्या. मी चहा ठेवायला आत गेले. आतून ऐकू येत होतं, "घाबरू नको, आधी सांग, तू कसं केलंस?"