काना-मात्रा नसलेला हिब्रू शब्द कसा वाचावा

रोजच्या छापील हिब्रूत काना-मात्रा-वेलांटी काहीच नसतं. उच्चार दाखवणारी टिंबं आणि रेघा आहेत, पण त्या लहान मुलांच्या पुस्तकांत, कवितांत, प्रार्थनेच्या पोथ्यांत. एरवी वाचणाऱ्याची मदार चार अक्षरांवर: आलेफ, हे, वाव, योद. आहेत व्यंजनंच, पण स्वराचं कामही करतात. आधी ही चार डोळ्यांत पक्की बसवा.

मग 'शालोम' घ्या. उजवीकडून डावीकडे शिन, लामेद, वाव, मेम. इथला वाव म्हणजे 'ओ'. पहिला 'आ' लिहिलेलाच नाही, तो शब्द ओळखीचा असला तरच कळतो. 'तोरा' (ज्यूंचा धर्मग्रंथ) या शब्दात ताव, वाव, रेश, हे: वावचा पुन्हा 'ओ', आणि शेवटच्या 'हे'चा 'आ'. 'हे' शब्दाच्या शेवटी आला की बहुधा स्वर, सुरुवातीला आला की 'ह'च. आजच्या छपाईत शब्दाच्या मध्ये दोन वाव शेजारी दिसले तर 'व' वाचा. 'तिक्वा', म्हणजे आशा, तसंच लिहितात.

व्यंजनाचा स्वर होतो कसा? आपल्याकडे सु + आगत = स्वागत; 'उ' आणि 'व' इतके जवळचे. 'इ' आणि 'य' यांचंही तेच. हिब्रूत 'बायित' म्हणजे घर: बेत, योद, ताव. 'अमक्याचं घर' म्हणताना त्याचं 'बेत' होतं, जसं बेथलेहेमच्या मूळ नावात, 'बेत लेहेम', भाकरीचं घर. उच्चारातला 'आय' आकसून 'ए' झाला, लिहिण्यातला योद मात्र जागचा हलला नाही. असे शब्द वाचता वाचता योद ही 'ए'ची खूणच ठरली. पुढे जिथे 'य' कधी नव्हताच तिथेही तो स्वरासाठी घालू लागले. बायबलमध्येच पाहा: शमुवेलाच्या पुस्तकांत 'दावीद' दालेत, वाव, दालेत असा तीन अक्षरी, नंतरच्या इतिहासाच्या पुस्तकांत मध्ये योद येऊन चार अक्षरी. मला हा एक योद फार मोलाचा वाटतो. लिहिणाऱ्यांची सवय बदलताना त्यात उघड दिसते.

काही शब्दांत मात्र खूण सापडतच नाही. सामेख, पे ('प' किंवा 'फ'), रेश: सेफेर (पुस्तक), सापार (न्हावी) की साफार (त्यानं मोजलं)? वाक्य पुरं वाचा. मोडीत दिन की दीन हे आपण असंच ठरवतो.

आता सरावाला कोकणातल्या ज्यूंचं नाव घ्या, बेने इस्राएल. 'बेने'त बेत, नून, योद. 'इस्राएल'मध्ये योद, सिन (शिनचंच अक्षर, इथे उच्चार 'स'), रेश, आलेफ, लामेद. पहिल्या शब्दाच्या शेवटचा योद 'ए' आहे. लगेच पुढे दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचा योद 'य' आहे, कारण मूळ उच्चार 'यिस्राएल'.