शिक्षक व्हायचंय? आधी इयत्ता ठरवा

'बीएड केलं की कुठंही शिकवता येतं' असं सांगणारे जळगाव-धुळ्यात पायलीला पन्नास भेटतील. ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही. तिथं बारावीनंतरचं दोन वर्षांचं डीएलएडच, म्हणजे आपलं जुनं डीएड. नववी-दहावीला शिकवायचं तर पदवी, सीईटी (प्रवेश परीक्षा), मग बीएड. आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागते: १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ९० गुण. ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, तेव्हा लवकर उरकून टाका. झेडपीच्या नोकरीसाठी पुढं अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं सरकारी 'पवित्र' पोर्टल. धडगाव-अक्कलकुव्याकडे जायची तयारी असेल तर पावरी, भिलोरी या तिथल्या आदिवासी बोली थोड्या आत्ताच कानावर पडू द्या. पहिलीतली पोरं घरून त्याच बोलत येतात.