शातो दीकेमला जायचंय? आधी एवढं बघा

फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या आग्नेयेला सोतेर्न गावात शातो दीकेम हा गोड वाइन करणारा द्राक्षमळा आहे. आगाऊ नोंदणी हवीच. पासपोर्ट-पैशांचं सांगत बसत नाही. परतीची गाडी मात्र निघण्याआधी ठरवा. जवळच्या लांगों गावापर्यंत रेल्वे आहे, पुढे टॅक्सी. जाताना ती स्टेशनवर मिळते. येताना सोतेर्नमध्ये कुठून मिळणार? सगळीकडे द्राक्षमळे नि मोजकी घरं. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि चव घेताना सगळं लक्ष घड्याळात. म्हणून पुन्हा सांगतो, परतीची गाडी, तीही वेळेसकट, आणि चालवणारा न पिणारा.

जायचं ते शरद ऋतूत, सकाळी लवकर. सिरों नदीचं थंड पाणी गारोनच्या उबदार पाण्याला मिळतं, त्यातून धुकं उठतं, आणि त्या ओलाव्यात बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी द्राक्षांवर धरते. दुपारी ऊन पडलं पाहिजे, नाहीतर घड नुसते सडतात. बुरशी साल सच्छिद्र करते, पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा घट्ट होतो. आपल्याकडे बुरशी दिसली की बागाईतदार फवारणीला धावतो. इथे तिची वाट बघतात. वेलीजवळ वाकून एक घड नीट पाहा: काही मणी अजून सोनेरी, काही जांभळट-तपकिरी, काही सुरकुतून राखाडी लव आलेले. तोडणारे फक्त शेवटचे घेतात, बाकीच्यांसाठी पुन्हा येतात, हंगामात कित्येकदा. एका वेलीमागे जेमतेम एक पेला वाइन निघते, ती यामुळे. हात लावू नका, मणी तोडून तोंडात तर मुळीच नको.

थोडं वाचून जा. सेमियों आणि सोव्हिन्यों या इथल्या द्राक्षांच्या दोन जाती. बोर्दोच्या वाइनच्या 1855च्या प्रतवारीत सोतेर्नमधलं 'प्रीमिए क्र्यू स्युपेरिअर' हे सर्वांत वरचं स्थान एकट्या दीकेमला मिळालं. वाइन मनासारखी झाली नाही तर त्या वर्षाची बाटली निघतच नाही; 1992 आणि 2012 ही दोन वर्षं अशीच कोरी गेली. एवढं नुकसान सोसणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या दिवशी अत्तर, सेंट काही लावू नका. या वाइनचं निम्मं सुख वासात आहे, आणि तुमच्या सेंटचा त्रास शेजारच्यालाही होतो. न्याहारी करून जा. पेला लगेच रिकामा करू नका, थोडा वेळ हातात राहू द्या. गोड आवडत नसेल तरी नाही म्हणू नका. कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाइन हवी तर दीकेमचीच 'इग्रेक' आहे, 1959पासूनची, पण ती नंतर. आणि गाडी ठरली ना? फोन करून खात्री करा.

बाकी पटापट: सपाट बूट, छत्री, पाणी. बाटली घेतलीत तर कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. भारतात दोन लिटरपर्यंत मद्यावर सीमाशुल्क नाही. पावती जपून ठेवा.