जुना पूल बदलताना: मराठवाड्यातल्या नद्यांवरच्या कामाचा क्रम

गोदावरी, मांजरा, दुधना, पूर्णा, कुठल्याही नदीवरचा महामार्गाचा पूल बदलायचा असेल तर आधी पाण्याचं वेळापत्रक हातात घ्या. पायाचं काम पावसाळा सरल्यावर सुरू करून जूनच्या आत पात्रातून वर आणायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ऑक्टोबरच्या सुमारास खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) लागले की ऐन उन्हाळ्यातही पुलाखाली पाणी तुंबून राहतं. वरच्या धरणाचं आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, येतं ते वेगळंच. म्हणून बर्गे आणि आवर्तनाच्या तारखा जलसंपदा विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय ठेकेदाराला कामाचा आराखडा करू देऊ नका.

नवा पूल शक्यतो जुन्याच्या शेजारीच बांधा. भूसंपादनात वेळ जातो, पण वाहतूक चालू राहते. नवे पिअर (पात्रातले खांब) जुन्यांच्या रेषेत ठेवा, नाहीतर वळलेला प्रवाह पायाजवळची माती खरवडतो. जागाच नसेल तर ह्यूम पाइप (काँक्रीटचे मोठे नळ) टाकून वळणरस्ता करावा लागतो. तो पहिल्या मोठ्या पुरात जाणार, हे धरूनच पावसाळ्यातला पर्यायी मार्ग ठरवा.

खालचा खडक तपासायला बोअर प्रत्येक पिअरच्या जागी घ्या, आणि खडक लागला म्हणून तिथंच थांबू नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात दोन थरांच्या मध्ये लाल, मातकट पट्टा सापडतो. कोअर पेटीतला (बोअरमधून काढलेल्या नमुन्यांच्या पेटीतला) तो तुकडा बोटांनी चोळला तर भुगा होतो. त्याच्यावर पिअर टेकवायचा नाही. चांगल्या कठीण खडकात पाया किमान ०.६ मीटर, मऊ खडकात १.५ मीटर आत न्या. पूरपातळी आणि गर्डरचा (पिअरवर टेकलेल्या तुळईचा) तळ यांत, विसर्ग सेकंदाला ३०० ते ३,००० घनमीटर असेल तर १.२ मीटर, त्याहून जास्त असेल तर १.५ मीटर अंतर हवं. पूरपातळी कागदावरून घेतली तरी गावातल्या देवळाच्या भिंतीवरची पुराची खूण पाहून ताडून घ्या.

सर्वांत जास्त दुर्लक्ष जोडरस्त्याकडे होतं. भरावात काळी माती गेली की ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पुलाच्या तोंडाशी खड्डा पडतो. ट्रक तिथे आदळतात, एक्स्पान्शन जॉइंट (पुलाच्या टोकाचा फटीवरचा सांधा) उखडतो, पाणी थेट बेअरिंगवर, म्हणजे गर्डरखालच्या टेकणांवर उतरतं. भराव मुरमाचा करा, पातळ थरांत पाणी मारून रोलर फिरवा. अबटमेंटमागे (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीमागे) ६०० मिलीमीटर जाडीचा दगडगोट्यांचा गाळणथर आणि पाणी निघायला भोकं ठेवा. वर किमान ३.५ मीटर लांबीचा अ‍ॅप्रोच स्लॅब (भरावावरून पुलावर नेणारी काँक्रीटची लादी) टाका.

वाहतूक सोडण्याआधी भारचाचणी घ्या. भार २४ तास ठेवून काढल्यावर पुढच्या २४ तासांत आरसीसी (सळईच्या काँक्रीटच्या) गर्डरचा झोल, म्हणजे भारानं आलेला वाक, किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्डचा (ताणलेल्या तारांच्या काँक्रीटचा) ८५ टक्के भरून आला पाहिजे.

तोवर जुना पूल चालू ठेवाल तर कोणत्या पाण्याला तो बंद करायचा, ती रेषा पिअरवर लाल रंगानं आखा आणि पुरात रात्रीही माणूस उभा करा. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, तेव्हा त्यावरून वाहनं जात होती. नवा सुरू झाला की जुना पाडा: आधी कठडे आणि डेक (वरचा रस्त्याचा स्लॅब), मग गर्डर, शेवटी पिअर थेट नदीतळापर्यंत. राडारोडा जूनच्या आत पात्राबाहेर गेलाच पाहिजे, नाहीतर त्याला अडून फिरलेलं पाणी नव्या पायावर जातं.