चाळिशीनंतर रानविद्या शिकताना: सुरुवात आपल्या शिवारापासून

मराठवाड्यात चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ जणांचे बालपण गुरांमागे आणि बांधावर गेलेले असते. तरीही शिक्षण-नोकरीच्या वीस-पंचवीस वर्षांत हाताची सवय मोडते आणि दोरी वळणे, पाण्यासाठी वाळूत झिरा उकरणे, चकमक झाडून विस्तव करणे या गोष्टी केवळ आठवणीत उरतात. ही विद्या पुन्हा हाती येऊ शकते, मात्र ती शिकण्यासाठी थेट जंगल गाठू नये. गौताळा, येडशी रामलिंग घाट किंवा नायगाव मयूर यांसारख्या अभयारण्यांत परवानगीशिवाय शिरणे, तिथली झाडे-वेली तोडणे आणि विस्तव करणे यांस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. म्हणून सराव आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शेतात, त्याला विचारून करावा आणि एका ऋतूत एकच कौशल्य धरावे.

पहिले काम म्हणजे जाणकार माणूस शोधणे. गावातला म्हातारा गुराखी, मेंढरे राखणारा धनगर, किनवटच्या बाजूला गोंड, कोलाम किंवा आंध समाजातले जाणते स्त्री-पुरुष यांच्याइतके बारकावे मोबाइलवरच्या चित्रफितीत सापडत नाहीत. त्यांचा दिवस आपण घेतला तर त्या दिवसाची मजुरी त्यांना द्यावी. ज्ञान फुकट मागणे मला योग्य वाटत नाही.

हाताला वळण लावण्यासाठी दोरीपासून प्रारंभ करावा, कारण तिला साधन लागत नाही आणि चूक लगेच दिसते. खरिपात पिकांच्या कडेने लावलेली अंबाडी फुलून गेली की कापावी, पेंढ्या बांधून साचलेल्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवाव्यात आणि साल बोटाने सहज सुटू लागली की धुऊन वाख, म्हणजे सालीचे धागे, वाळवावा. थंडीत याला अधिक दिवस लागतात आणि पाण्याला उग्र वास येतो, म्हणून पिण्याच्या पाण्यापासून ही जागा दूर असावी. वळताना वाखाची बोटभर जाडीची बट घेऊन ती बरोबर मध्यावर न धरता थोडी एका बाजूला धरावी, म्हणजे दुमडल्यावर होणाऱ्या दोन्ही पेडांची टोके एकाच ठिकाणी संपत नाहीत आणि जोड कच्चा राहत नाही. बटीला पीळ देता देता ती आपोआप दुमडू लागेल, तिथे वेढा धरावा. आता वरच्या पेडाला आपल्यापासून दूर पीळ द्यायचा आणि तोच पेड आपल्याकडे ओढून दुसऱ्या पेडावरून आणायचा. मग दुसऱ्याचे तसेच. पेडाचा पीळ आणि पेड एकमेकांवर चढण्याची दिशा उलट असते, त्यामुळे उलगडू पाहणारा एक पीळ दुसऱ्याला अधिक आवळतो. माझ्या पहिल्या आठवड्यातली प्रत्येक दोरी हातातून सोडताच उकलत असे, कारण मी दोन्हीकडे एकाच दिशेने पीळ देत होतो. पेड बारीक वाटू लागला की चार बोटे नवा वाख आत मिळवावा. वाव-दोन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांएवढी लांबी) दोरी झाली की तिला पाण्याने भरलेली घागर अडकवून पाहावी.

दुसऱ्या हिवाळ्यात विस्तवाकडे वळावे. जुन्या सुती धोतराचे तुकडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत घालावेत, झाकणाला खिळ्याने एक बारीक छिद्र पाडावे आणि डबी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ठेवावी. छिद्रातून धूर थांबला की डबी उतरवून छिद्र बुजवावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच उघडावी. गरम असताना हवा लागली तर कापडाची राख होते. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी इथे विपुल आहे. तिची धारदार कड जुन्या कानशीवर घासून मारली की पोलादाचे सूक्ष्म कण तापून ठिणग्या उडतात. म्हणजे ठिणगी लोखंडाची असते, दगडाची नसते. ती डबीतल्या काळ्या कापडावर पडू द्यावी आणि पेटलेला ठिपका वाळल्या गवताच्या घरट्यात ठेवून हळू फुंकावे. जागा झाडून घ्यावी, शेजारी पाण्याची बादली असावी आणि उन्हाळ्यात हा सराव करूच नये.

पाण्यासाठी कोरड्या नाल्यात जिथे लव्हाळा हिरवा दिसतो तिथे वाळू उकरावी, पहिले गढूळ पाणी उपसून टाकावे आणि मग झिरपलेले पाणी कापडाने गाळून खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे. कापसाच्या शेताखालच्या नाल्याचे पाणी मात्र घेऊ नये. फवारणीचे विष उकळून जात नाही.

रानभाज्यांची घाई करू नये. कुर्डू, तरोटा, पाथरी, घोळ ओळखू आली तरी तीच वनस्पती रोप, फूल आणि बी अशा तिन्ही अवस्थांत पाहिल्याशिवाय आणि जाणत्या माणसाने हातात देऊन दाखवल्याशिवाय ती तोंडात घालू नये. धोतरा, कण्हेर, गुंज आणि कळलावी या विषारी वनस्पती आधी ओळखाव्यात.

नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता 108 ला फोन करून प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. लाल विंचवाच्या दंशावरही प्राझोसिन हे औषध मिळते, ज्याचा उपयोग मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दाखवून दिला.

एवढे झाल्यावर मार्गशीर्षात एक रात्र शेतात काढावी. घरी जागा आणि परतण्याची वेळ सांगून जावे. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो आणि मराठवाडा ढोबळमानाने 18 ते 20 अंशांवर आहे. हात ताठ पसरून धरलेली मूठ सुमारे 10 अंश झाकते, म्हणून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की वरच्या मुठीच्या माथ्याशी तो सापडतो. संध्याकाळी सप्तर्षी उगवलेले नसतात, तेव्हा उत्तरेकडे शर्मिष्ठा हा तारकासमूह शोधून उत्तर ठरवावी, तिथे दोन दगड ओळीत मांडावेत आणि पहाटे सप्तर्षींतल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ क्रतूकडून पाचपट पुढे नेऊन आपले दगड बरोबर होते की नाही ते तपासावे.