गिटारवर हात वेगाने आणि स्वच्छ कसा चालवावा

वेग येत नाही म्हटलं की बहुतेक जण जोर वाढवतात. तार घट्ट दाबतात, पिक (तार छेडायची छोटी चकती) आवळतात, खांदा वर चढतो, आणि दहा मिनिटांत मनगट भरून येतं. खरी अडचण वेगळीच असते. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 90 ठोक्यांवर लावून चौगुन, म्हणजे एका ठोक्याला चार स्वर, वाजवायची म्हणजे सेकंदाला सहा स्वर. एका स्वराच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम सहावा भाग येतो. तेवढ्या वेळात बोट तारेपासून दोन-तीन सेंटीमीटर वर उडत असेल तर ते परत पोचणारच नाही, कितीही ताकद लावा. बोटांची हालचाल कमी करायची आणि हात सैल ठेवायचा, या दोन गोष्टी साधल्या की वेग वाढतो. खालचा सगळा रियाज त्यासाठीच आहे.

आधी गिटार तपासा

घरपोच मागवलेल्या स्वस्त अकूस्टिक गिटारीत तारा फार उंच असतात. अशा गिटारीवर वेग बसत नाही, आणि शिकणारा मात्र स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. शाळेतली स्टीलची पट्टी घ्या. मानेवरच्या बाराव्या फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा. जाड सहाव्या तारेखाली साधारण 2.5 मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेखाली 2 मिलिमीटर असेल तर ठीक. साडेतीन-चार असेल तर दुरुस्ती हवी.

त्याआधी गिटारीची मान बघा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि मान जिथे खोक्याला जुळते त्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबून धरा. सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असावी. फट त्याहून बरीच मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे. मानेच्या आतली धातूची सळी, म्हणजे ट्रस रॉड, सोबत आलेल्या ॲलन चावीने उजवीकडे पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा सुरात लावा आणि परत बघा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. रॉड अडला तर जोर न लावता तिथेच थांबा.

मान सरळ असूनही तारा उंच असतील तर ब्रिजमधली (खोक्यावर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यातली) पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासायची. हिशेब सोपा आहे: बाराव्या फ्रेटवर 1 मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडल 2 मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तारा सैल करून सॅडल काढा, पेन्सिलीने रेघ मारा, सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून सॅडल उभी धरून घासा. अर्धा मिलिमीटर झाला की बसवून बघा. जास्त घासलं गेलं तर तारा खरखरतात आणि नवी सॅडल आणायला शहर गाठावं लागतं. खालची कड तिरपी झाली तरी आवाज मरतो.

तारा 12 च्या सेटच्या (पहिली तार 0.012 इंच जाड) असतील तर 10 चा सेट लावा. सुरुवातीला बोटांवरचा भार लगेच कमी होतो. नागपूर-अमरावतीला कोणी जाणार असेल तेव्हा एका पूर्ण सेटसोबत सुट्या पहिल्या तारा दोन-तीन मागवून ठेवा. तुटते ती बहुतेक वेळा तीच, आणि तेवढ्यासाठी रियाज आठवडाभर खोळंबतो.

उन्हाळा आणि कूलर

विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडीठाक होते. गिटारीच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन बोटांना टोचतात, वरचा पत्रा (खोक्याची वरची लाकडी फळी) खाली बसतो आणि तारा खरखरू लागतात. प्लायच्या गिटारीला त्रास कमी, पण मान तिचीही हलते. टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगलेली गिटार हमखास बिघडते. ती आतल्या खोलीत, पिशवीत किंवा पेटीत ठेवा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज पेटीत ठेवला तर फरक पडतो. कूलरच्या झोतात मात्र गिटार ठेवू नका: दिवसभर ओली हवा, रात्री वीज गेली की कोरडी, या फेऱ्यात जोड सुटतात. पावसाळा लागला की स्पंज काढून टाका. तेव्हा पत्रा फुगून तारा वर चढतात, म्हणून पट्टीने मोजणं वर्षातून दोनदा तरी हवं.

डावा हात: किती दाब पुरे

हा व्यायाम रोज पाच मिनिटं करा. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला तर्जनी नुसती टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने तार छेडत राहा. आधी नुसता ठक्‌ असा बसका आवाज येईल. आता दाब अगदी हळू वाढवा. ठक्‌ची खरखर होईल, आणि एका क्षणी खरखर जाऊन स्वर मोकळा होईल. तिथेच थांबा. एवढाच दाब लागतो. आपण एरवी किती जास्त दाबतो ते यात लगेच कळतं. बोट फ्रेटच्या धातूपट्टीच्या अगदी मागे असेल तर दाब आणखी कमी लागतो, दोन पट्ट्यांमधल्या घराच्या मध्यावर ठेवलं तर वाढतो. अंगठा मानेच्या मागे मधल्या बोटासमोर राहू द्या. त्याने मान आवळली की चारही बोटं जखडतात.

मग चार बोटं चार सलग फ्रेटांवर: तर्जनी 5, मधलं 6, अनामिका 7, करंगळी 8. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत जा आणि परत या. पुढचं बोट ठेवताना मागचं उचलायचं नाही, चारही टेकलेली राहू द्यायची. नव्या तारेवर जाताना एकेक बोट हलवायचं. करंगळी आणि अनामिका सुरुवातीला एकत्रच उडतील. त्यांचे स्नायूबंध एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे त्या बोटांना वेगळं चालायला वेळ लागतो. उचललेलं बोट तारेपासून एका सेंटीमीटरच्या आत राहतंय का, ते मोबाइल समोर ठेवून चित्रित करून बघा. वाजवताना ते दिसत नाही.

उजवा हात

पिक 1 मिलिमीटरच्या आसपास जाडीचं घ्या. पातळ पिक वाकतं आणि सरळ व्हायला वेळ घेतं. चिमटीतून टोक फक्त 3-4 मिलिमीटर बाहेर ठेवा. ते तारेला किंचित तिरपं लागलं की अडकत नाही. हालचाल मनगटातून हवी, कोपरातून नको. खाली-वर, खाली-वर हा क्रम मोडायचा नाही, तार बदलली तरीही. पिक तार ओलांडून दूर जात असेल तर तेवढा वेळ वाया जातो. तारेच्या थोडं पलीकडे गेलं की परत वळलं पाहिजे.

मेट्रोनोम: ठाय, दुगुन, चौगुन

भजनी मंडळात बसणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मोबाइलवरचं मेट्रोनोम ॲप एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. 60 वर लावा. एका ठोक्याला एक स्वर, मग दोन, मग चार. चौगुन 60 वर सलग पाच वेळा एकही चूक न होता आली की 64, मग 68. चूक झाली तर दोन पायऱ्या खाली उतरा. चुकत-चुकत वेगाने वाजवलं तर हाताला तीच चूक पाठ होते, आणि ती काढायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस जातात.

चार-चार ठोक्यांच्या पायऱ्यांनी चढत गेल्यावर एका ठिकाणी हात अडतो. तेव्हा तुकड्यांनी वाजवा. अडलेला वेग 100 असेल तर मेट्रोनोम 120 वर न्या आणि फक्त पाच स्वर घ्या: चार स्वर एका ठोक्यात आणि पाचवा पुढच्या ठोक्यावर. मग दोन ठोके पूर्ण विश्रांती, हात सैल, पुन्हा पाच. पाच जमले की नऊ. हाताला पुढच्या वेगाची चव अशीच लागते.

चार फ्रेटांच्या व्यायामाने कान कंटाळतो, म्हणून लवकर स्केलवर, म्हणजे स्वरांच्या ठरलेल्या क्रमावर, या. जी मेजर, प्रत्येक तारेवर तीन स्वर: सहाव्या आणि पाचव्या तारेवर फ्रेट 3-5-7, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर 4-5-7, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर 5-7-8. एकूण अठरा स्वर. तीन स्वर असल्यामुळे एका तारेची सुरुवात खाली, तर पुढच्या तारेची वर अशी होते. इथेच बहुतेकांचा क्रम बिघडतो. पाचव्यावरून चौथ्या तारेवर जाताना तर्जनीही एक फ्रेट सरकते, म्हणजे दोन्ही हातांवर एकदम काम येतं. तेवढा सांधाच, शेवटचे दोन आणि पुढचे दोन असे चार स्वर, वेगळा काढून वीस वेळा वाजवा. पूर्ण स्केल शंभरदा वाजवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

कुठे बिघडतंय ते ओळखा

वेग वाढला की स्वर फाटके येतात, म्हणजे दोन हात एकत्र पडत नाहीत. कोणता हात मागे आहे ते शोधा. त्याच वेगाने मोकळ्या तारेवर फक्त पिक चालवा. मग पिक बाजूला ठेवून फक्त डाव्या बोटांनी तार ठोकत तोच तुकडा वाजवा. जो हात अडखळेल त्याचा रियाज वाढवा. दोन्ही ठीक असतील तर चारातल्या पहिल्या स्वरावर जोर द्या, हात एकमेकांना गाठतात.

न वाजवलेल्या तारा गुणगुणत असतील तर जाड तारांवर उजव्या तळव्याची कड टेकवा आणि बारीक तारांवर डाव्या तर्जनीचं पोट हलकं पडू द्या.

गाण्याला साथ करणाऱ्यांची अडचण बहुतेक कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) बदलण्यात असते. जी आणि सी या दोनच कॉर्ड घ्या, घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा स्वच्छ बदलता येतात ते मोजा. तीस झाले की गाण्यात निभतं, साठ झाले की उडत्या कहरव्यातही हात मागे राहत नाही. बोटं एकामागून एक न ठेवता हवेतच कॉर्डचा आकार करून एकदम टेकवा.

किती वेळ, आणि कधी नाही

रोज अर्धा तास पुरे: पाच मिनिटं दाबाचा व्यायाम, दहा मिनिटं मेट्रोनोमवर, दहा मिनिटं अडलेला तुकडा, पाच मिनिटं आवडीचं गाणं. रविवारी एकदम तीन तास बसून ही भरपाई होत नाही. बोटांच्या टोकांना आग होणं सुरुवातीला साहजिक आहे, काही आठवड्यांत घट्टे पडतात. मनगट किंवा कोपर दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर त्या दिवशी थांबा. विश्रांती घेऊनही मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

वावरातून आल्या आल्या गिटार घेऊ नका. विळा-कुदळ धरलेला हात तासभर आवळलेलाच राहतो. कोमट पाण्याने हात धुवा, पुसा, मग 50-60 च्या संथ लयीत सुरू करा. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी पेरं फाटतात, तेव्हा डाव्या हाताने तार दाबणं नकोच. डावा तळवा तारांवर नुसता ठेवून आवाज बंद करा आणि उजव्या हाताचा खाली-वर रियाज मेट्रोनोमवर चालू ठेवा. चिरांना तेल किंवा मलम लावायचं ते रात्री झोपताना. तेलकट बोटांनी वाजवलं तर तारांच्या वेटोळ्यांत मळ बसतो आणि आवाज बसका होतो. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने खालून-वरून पुसून ठेवा.